पत्ता नसलेला वाचक

(ग्रंथपाल दिनी, डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या स्मृत्यर्थ दिलेलं व्याख्यान)



आज १२ ऑगस्ट. १८९२ साली याच दिवशी रंगनाथनांचा जन्म झाला. गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. इथं बसलेल्या निम्म्या लोकांना ती पाठ आहेत, त्यामुळे पाचही सांगत नाही. दुसऱ्या सूत्राचा आशय तेवढा घेतो. पुस्तकं मूठभरांची मालमत्ता नाहीत, ती प्रत्येकापर्यंत पोचली पाहिजेत. हे सूत्र उलगडताना रंगनाथनांनी एकेकाला आठवणीनं आत घेतलं आहे. स्त्रिया आल्या, खेड्यातले लोक आले, अंध आले, इस्पितळातले रुग्ण आले, तुरुंगातले कैदी आले, समुद्रावरचे खलाशीसुद्धा आले. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसानं खलाशांच्या वाचनाची काळजी केली होती.

मग उड्डाणपुलाखाली पथारी टाकणाऱ्या माणसाची काळजी आपण केली आहे का? आपल्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात तो उद्या सकाळी आला, तर काय होईल? त्याला कुणी बसू देईल का? बसला, तर किती वेळ? पुस्तक मागितलं, तर मिळेल का?

आज मला एवढ्याच प्रश्नांवर बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. बेघर माणसासाठी ग्रंथालयानं करण्याची पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याला वाचक मानणं. अन्न, निवारा, औषध, कागदपत्रं यांसाठी ग्रंथालय हातभार लावू शकतं आणि त्यानं तो लावावा. पण वाचक म्हणून त्याचा हक्क मानल्यानंतरच ती मदत नीट होते. आधी दया आणि मग जमलं तर हक्क, असा क्रम लावला की दोन्ही बिघडतात.

आधी हा माणूस कोण, ते पाहू. बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिग्नलवर हात पसरणारा माणूस येतो. प्रत्यक्षात पदपथावर झोपणाऱ्यांत नाक्यावर उभे राहणारे बिगारी असतात, कचरा वेचणाऱ्या बाया असतात, लग्नसराईत केटरिंगची भांडी घासणारी पोरं असतात. मुंबईत परळला टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर गावाहून उपचारासाठी आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मुक्काम करतात. गावी त्यांचं घर असतं, शहरात नसतं. नवऱ्याचा मार असह्य होऊन निघालेली बाई असते. मुलांनी वाऱ्यावर सोडलेले म्हातारे असतात. खोलीचं भाडं थकलं म्हणून रात्र अभ्यासिकेच्या टेबलावर काढणारा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी असतो. तो स्वतःला बेघर म्हणवून घेणार नाही, पण आहे.

२०११ च्या जनगणनेत देशभरात पावणेअठरा लाखांच्या आसपास बेघर मोजले गेले. महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक, एकट्या बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली गेली. ज्यांनी या लोकांमध्ये काम केलं आहे, ते सगळे हा आकडा कमी आहे असंच सांगतात. पोलिसांच्या भीतीनं दर रात्री जागा बदलणारा माणूस नेमका त्या रात्री गणकाला सापडेल कसा?

आपली बहुतेक धोरणं मुख्यतः रात्रीचा विचार करतात. अन्न अधिकाराच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं मोठ्या शहरांना आदेश दिले : दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही बारमाही. पुढं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानं माणशी ५० चौरस फूट जागेचा निकष घातला. हे सगळं आवश्यकच आहे, आणि त्यातलं कितीतरी अजून कागदावरच आहे. पण सकाळी सहाला पथारी गुंडाळल्यानंतर काय? दिवस कुठं काढायचा? ज्याला त्या दिवशी नाक्यावर काम मिळालं नाही, ज्याचा पाय दुखावला आहे, जिला सातवा महिना आहे, त्यांनी सकाळी सहा ते रात्री नऊ जायचं कुठं?

एकेक जागा घेऊन पाहा. फलाटावर तिकीट लागतं. मॉलच्या दारात सुरक्षारक्षक आहे. महापालिकेच्या बागा कितीतरी ठिकाणी भर दुपारीच बंद असतात. हॉटेलात बसायचं तर निदान चहाचे पैसे हवेत. देवळात सावली मिळते, पण तिथंही तासाभरानं कुणीतरी विचारतंच. त्यात पावसाळ्याचे चार महिने धरा. पैसे न देता, कुणाच्या ओळखीवाचून, काही विकत न घेता माणसानं बसावं अशी छप्पर असलेली सार्वजनिक जागा आपल्या शहरांत उरली आहे किती? शोधून शोधून एक सापडते, ती म्हणजे ग्रंथालयाचा वर्तमानपत्रांचा कक्ष.

इथं कायद्याची एक गोष्ट सांगायला हवी. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही आणि सार्वजनिक जागी अशा अवस्थेत वावरतो आहे की भीक मागून जगत असावा असं वाटतं, एवढ्यावरही या कायद्यानं माणूस भिक्षेकरी ठरू शकतो. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं डांबता येतं. पुन्हा पुन्हा सापडला, तर दहा वर्षांपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ साली याच कायद्याची बरीच कलमं राजधानीपुरती घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे तो उभा आहे. म्हणजे नुसतं कुठंतरी बसून असणं हाही इथं संशयाला पुरेसा पुरावा होतो. आता विचार करा, त्याच माणसासमोर वर्तमानपत्र उघडलेलं आहे आणि तो ग्रंथालयाच्या खुर्चीवर बसला आहे. तो तिथं का आहे, हे सांगण्याची गरजच उरत नाही. ग्रंथालयाची खुर्ची त्याला असं संरक्षण देते.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो : बेघर वाचकाला ग्रंथालयानं नियम कोणते लावायचे? त्यासाठी अमेरिकेत जावं लागेल, कारण या प्रश्नाशी तिथल्या ग्रंथालयांची झटापट आपल्याहून जुनी आहे. अमेरिकेचं उदाहरण कुणाला परकं वाटत असेल, तर त्यांना सयाजीराव महाराजांची आठवण करून देतो. अमेरिकेतली मोफत सार्वजनिक ग्रंथालयं डोळ्यांनी पाहून महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बडोद्याला आणलं आणि संस्थानात गावोगाव ग्रंथालयं उभी केली, फिरत्या पेट्या पाठवल्या. १८४८ साली पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकारानं ग्रंथालय निघालं, त्याच वर्षी तिकडे बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाची स्थापना झाली. आपलं आणि त्यांचं या बाबतीत जुनं नातं आहे.

न्यू जर्सी राज्यात मॉरिसटाउन नावाचं एक गाव आहे. तिथल्या ग्रंथालयात एक बेघर गृहस्थ रोज येऊन बसत. इतर वाचकांनी तक्रारी केल्या : हा टक लावून पाहतो, याच्या अंगाला वास येतो, हा नुसता बसून राहतो. ग्रंथालयानं १९८९ साली नियम केले. वाचन वगैरे काही करत नसाल तर बाहेर जा, दुसऱ्याला त्रास होईल असं पाहू नका, पाठलाग करू नका, स्वच्छता इतरांना असह्य होईल इतकी वाईट असेल तर बाहेर जा. त्या गृहस्थांना बाहेर काढलं गेलं. ते न्यायालयात गेले. १९९१ साली खालच्या न्यायालयाचे न्यायमूर्ती सारोकिन यांनी निकाल त्यांच्या बाजूनं दिला. बेघरांचं दिसणं आणि वास आपल्याला सहन होत नसेल, तर त्यांची परिस्थिती बदला, ग्रंथालयाचा रस्ता बंद करू नका, असा त्यांच्या निकालपत्राचा सूर होता.

वर्षभरात वरच्या न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि ग्रंथालयाचे नियम वैध ठरवले. पण त्याच निकालात एक गोष्ट पक्की झाली : माहिती मिळवण्याचा नागरिकाचा घटनात्मक हक्क आहे, आणि ग्रंथालयात येणं हा त्या हक्काचा भाग आहे. बेघर माणूस खटला हरला आणि वाचकाचा हक्क जिंकला. आज तिथले ग्रंथपाल हाच निकाल समोर ठेवून नियम लिहितात. नियम वागणुकीबद्दल असावेत, माणसाबद्दल नसावेत. सगळ्यांना सारखे असावेत. लिहिलेले असावेत, भिंतीवर असावेत, रखवालदाराच्या मनात नसावेत.

मला या निकालाचं महत्त्व फार वाटतं, कारण त्यानं दोन्ही बाजूंची अडचण खरी मानली. वास ही खरी अडचण आहे. शेजारी बसलेल्या बाईला भीती वाटणं ही खरी अडचण आहे. ती बोलून दाखवणारा वाचक निष्ठुर नसतो. प्रश्न आहे तो त्या अडचणीवर उपाय कोणता, याचा. झोपू नये हा नियम असेल, तर टेबलावर डोकं ठेवून घोरणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलालाही तो लागू हवा. त्याला आपण कौतुकानं म्हणतो, दमलाय बिचारा. आणि गाठोडं घेऊन बसलेल्या बेघराला हलवून उठवतो. रात्रभर पोलिसांच्या काठीनं आणि डासांनी कोण जास्त जागा राहिला असेल?

तिसरी गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोची. या शहराचं मुख्य ग्रंथालय नगरपालिकेच्या चौकात, गरीब वस्तीच्या काठावर आहे. दार उघडण्याआधीच बाहेर रांग लागते आणि त्या रांगेत बेघर माणसं मोठ्या संख्येनं असतात. २००९ साली या ग्रंथालयानं शहराच्या आरोग्य विभागाशी हात मिळवून लिआ एस्गेरा या समाजसेविकेची पूर्णवेळ नेमणूक केली. अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयात अशी ही पहिलीच नेमणूक मानली जाते. त्या केबिनमध्ये बसून कुणी येण्याची वाट पाहत नसत. मजल्यामजल्यावर हिंडत, बसलेल्या माणसांशी बोलत, ओळख वाढवत. अशा माणसाला कार्यालयाच्या दाराचा अनुभव वाईट असतो, म्हणून मदत त्याच्या खुर्चीपर्यंत चालत गेली.

त्याहून मोलाचं पाऊल पुढं पडलं. एके काळी स्वतः बेघर असलेल्या लोकांना ग्रंथालयानं प्रशिक्षण देऊन पगारी कामावर घेतलं. हे लोक मजल्यांवर, स्वच्छतागृहांजवळ फिरतात. अंघोळ कुठं करता येईल, जेवण कुठं मिळेल, आज कुठल्या निवाऱ्यात जागा आहे, हे सांगतात. ज्याच्या अंगाला वास येतो त्याला तो माणूस सांगतो, ज्याच्या स्वतःच्या अंगाला कधीकाळी तसाच वास येत होता. ते ऐकलं जातं. रखवालदारानं सांगितलेलं ऐकलं जात नाही, त्यातून भांडण होतं. याच शहरात २०१४ साली एका संस्थेनं जुन्या सिटी बसगाड्यांमध्ये शॉवर बसवून फिरती स्नानगृहं सुरू केली. बघा, वासाच्या प्रश्नाला मॉरिसटाउननं नियमानं उत्तर दिलं आणि सॅन फ्रान्सिस्कोनं पाण्यानं.

नंतर डेन्व्हरनं समाजसेवक नेमले, त्यांच्या जोडीला हे सगळं भोगलेले सोबती नेमले. फिलाडेल्फियाच्या मुख्य ग्रंथालयात त्याआधीच एक कॉफीचं दुकान निघालं होतं, तिथं पूर्वी बेघर असलेली माणसं काम करू लागली. २०१९ साली सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो या दोन्ही शहरांनी उशिराचा दंड कायमचा रद्द केला, कारण दंडाच्या भीतीनं गरीब वाचक आधी पुस्तक आणि मग ग्रंथालयच टाळतो. तिथंही सगळं आलबेल नाही. ग्रंथपाल थकतात, आम्ही यासाठी शिकलो नव्हतो असं म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. घरांचा प्रश्न सरकारनं सोडवला नाही म्हणून तो ग्रंथालयाच्या दारात येऊन पडला आहे. ग्रंथालय घर देऊ शकत नाही, हे विसरून चालणार नाही.

मग आपण काय करायचं? महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. शासनमान्य ग्रंथालयं हजारोंच्या घरात आहेत आणि त्यातली बहुतेक एका ग्रंथपालाच्या आणि एखाद्या शिपायाच्या जिवावर चालतात. त्यांचा पगार किती आहे, हे या सभागृहात सांगायला नको. अनुदानाचा हप्ता येईपर्यंत विजेचं बिल कसं भरायचं, या विवंचनेत असलेल्या माणसाला मी समाजसेवक नेमा असं सांगणार नाही. ती जबाबदारी महापालिकांची आहे. निवाऱ्यांसाठी समाजविकास विभागात जी माणसं आहेत, त्यांनी आठवड्यातला एक दिवस, ठरलेल्या वेळी, ग्रंथालयात येऊन बसावं. आधारचं काम, रेशनकार्ड, निराधार योजनेचा अर्ज, दवाखान्याची चिठ्ठी, सगळं त्या टेबलावर व्हावं. याला इमारत लागत नाही, नवा निधीही फारसा लागत नाही. शासनाच्या एका परिपत्रकाचं काम आहे.

ग्रंथालयाच्या हातात मात्र एक गोष्ट पूर्णपणे आहे, आणि तिथं मला तुमचा थोडा जास्त वेळ घ्यायचा आहे. ती म्हणजे सभासदत्वाचा अर्ज.

आपला अर्ज काय मागतो? राहण्याचा पत्ता, त्याचा पुरावा, अनामत रक्कम, आणि कितीतरी ठिकाणी विद्यमान सभासदाची शिफारस. पदपथावरच्या माणसाकडे यातलं एकही नसतं. आपण म्हणतो, पत्त्याशिवाय पुस्तक दिलं तर परत कसं येणार? प्रश्न रास्त आहे. पण भारताच्या निवडणूक आयोगानं याहून अवघड प्रश्न सोडवला आहे. बेघर माणसाला मतदार यादीत नाव घालायचं असेल तर तो आपली झोपण्याची जागा सांगतो. मतदान केंद्राचा अधिकारी रात्री तिथं जाऊन पाहतो, एकाहून अधिक रात्री जातो, माणूस खरोखर तिथं झोपतो याची खात्री करतो, आणि मग निवासाचा कागदी पुरावा मागितला जात नाही. अमुक पुलाखाली झोपणारा माणूस या देशाचं सरकार निवडू शकतो. मग त्याला शंभर रुपयांची कादंबरी आपण का नाकारायची?

एका जिल्ह्याच्या गावी मी एक व्यवस्था पाहिली होती. एसटी स्टँडच्या आडोशाला राहणारे एक गृहस्थ रोज सकाळी तिथल्या ग्रंथालयात येत. वर्तमानपत्रं वाचून झाली की ते कपाटांकडे पाहत बसायचे. अनामत भरणं शक्य नव्हतं, आणि ग्रंथालयाच्या घटनेत बसत नाही म्हणून कार्यकारी मंडळाचाही नाइलाज होता. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी त्यांना एकदा विचारलं, काका, काय वाचायला आवडेल? त्यांना इतिहास हवा होता. बाईंनी एक जाडजूड चरित्र काढून दिलं आणि सांगितलं, इथंच बसून वाचा, जाताना माझ्याकडे द्या. ते पुस्तक मग काउंटरमागच्या फळीवर राहायचं, आत कागदाचा तुकडा घातलेला. काका आले की बाई काही न बोलता ते पुढं करायच्या. नोंद नाही, सभासद क्रमांक नाही, अनामत नाही. ते संपलं की दुसरं. काकांचं नाव बाईंना माहीत होतं आणि त्या नावानं हाक मारायच्या. दिवसभरात त्यांना त्या नावानं हाक मारणारं दुसरं कुणी असेल असं मला वाटत नाही.

ही सोय आपण नियमात आणू शकतो. आत बसून वाचण्याचं सभासदत्व, विनाअनामत, विनापत्ता. पुस्तक काउंटरवर राखून ठेवण्याची एक फळी. घरी पुस्तक नेण्याचा पुढचा टप्पा हवा असेल तर निवाऱ्याच्या व्यवस्थापकाचं किंवा तिथं काम करणाऱ्या संस्थेचं पत्र पुरावा म्हणून चालावं. अनामतीसाठी एक छोटी देणगी ठेव काढावी. वाढदिवसाला ग्रंथालयाला कपाट देणारे दाते आपल्याकडे आहेत. दहा वाचकांची अनामत देणारेही मिळतील. चार पुस्तकं परत येणार नाहीत, हे धरून चालावं. बंगल्यात राहणाऱ्या सभासदांकडे अडकलेल्या पुस्तकांची यादी प्रत्येक ग्रंथालयात असते, ती या चार पुस्तकांशेजारी ठेवून पाहावी.

एक आक्षेप माझ्या कानावर नेहमी येतो. ही माणसं वाचायला येत नाहीत, पंख्याखाली बसायला येतात. काही येतातच. त्यात वाईट काय आहे? उन्हातून आलेला निवृत्त माणूसही पंख्याखाली बसतो आणि त्याच्या हातात वर्तमानपत्र आपोआप येतं. दुसरीकडे, कुणी नारायण सुर्व्यांचं नाव घेतं. रस्त्यावर दिवस काढलेला मुलगा मराठीतला मोठा कवी झाला, तेव्हा उद्याचा सुर्वे गमावू नका, असं म्हणतं. सुर्व्यांबद्दल मला नितांत आदर आहे. पण एखादा कवी हाती लागावा म्हणून दार उघडायचं नाही. जो माणूस फक्त भविष्य वाचेल, कुठल्या कंपनीत शिपायाची जागा आहे ते पाहील, क्रिकेटचा निकाल पाहील आणि निघून जाईल, त्याचाही या खुर्चीवर तेवढाच हक्क आहे.

बायकांबद्दल वेगळं बोललं पाहिजे. रस्त्यावरच्या बाईला दिवसाही सुरक्षित कोपरा मिळत नाही, आणि स्वच्छतागृह ही तिची पहिली निकड असते. ज्या ग्रंथालयात बायकांसाठी वेगळा वाचन कक्ष आहे, तिथं तिला आणि तिच्या मुलाला बसू द्यावं आणि स्वच्छतागृहाला कुलूप लावू नये. बालविभागात तिच्या मुलाच्या हातात चित्रांचं पुस्तक द्यावं. त्याचे हात मळलेले असतील, तर नळ दाखवावा.

माझं बोलणं इथं थांबवतो. ग्रंथालयाच्या काउंटरवर प्रत्यक्ष उभे राहणारे इथं बरेच जण आहेत. दारू पिऊन आलेल्या माणसाचं काय करायचं, मनानं आजारी असलेल्याला कसं हाताळायचं, वर्गणीदार सभासदांची समजूत कशी घालायची, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवला आहे. माझी विनंती आहे की तो अर्धा तास आधी त्यांना द्यावा. मी कागद-पेन घेऊन बसतो.